नौका-इंजिनाचे हिवाळी जतन

नौकेच्या पोटात कायमचे बसवलेले इंजिन गोठणबिंदूखालच्या थंडीत काही महिने बंद ठेवण्यापूर्वी जी तजवीज करतात, तिला येथे हिवाळी जतन म्हटले आहे. उत्तर अमेरिकेतील नौकाधारक तिला 'विंटरायझिंग' म्हणतात. जुना शब्द 'ले-अप' अधिक व्यापक असून त्यात डोलकाठी, शिडे, पिण्याच्या पाण्याचे नळ असे सगळेच येते. नौकेच्या मागे टांगलेली आउटबोर्ड इंजिने उभी ठेवली की त्यांतील पाणी आपोआप निथळते, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही. ज्यांत इंजिन आत आणि पंख्याचा पाय बाहेर असतो त्या स्टर्नड्राइव्ह नौका मात्र या नोंदीत बसतात. या रचनेचा पहिला यशस्वी नमुना, व्होल्व्हो पेंटाचा 'अ‍ॅक्वामॅटिक', १९५९ मध्ये बाजारात आला. त्याचे श्रेय अमेरिकी अभियंते जिम विन यांना देण्याचा प्रघात आहे. चार्ल्स स्ट्रँग यांना ही कल्पना आधी सुचली होती असे मानणारा पक्षही आहे, आणि त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

ही प्रथा मुख्यतः अमेरिका-कॅनडाच्या सरहद्दीवरील पंचमहासरोवरे, मिनेसोटा-विस्कॉन्सिनमधील लहान सरोवरे, न्यू इंग्लंडचा किनारा आणि बाल्टिक समुद्र या पट्ट्यांत रुजली. साधारण ऑक्टोबरात नौका पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर ठेवतात आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा पाण्यात सोडतात. सरोवरांतील मोठ्या मालवाहू जहाजांचा विश्रांतिकाळ याहून आखूड असतो, कारण ती सू जलपाशे (सुपीरियर व ह्युरॉन सरोवरांदरम्यान जहाजे वर-खाली नेणारी पाण्याची दारे) बंद होईपर्यंत, म्हणजे सामान्यतः १५ जानेवारीपर्यंत धावतात. जलपाशे २५ मार्चला उघडली की ती पुन्हा निघतात. गोड्या पाण्याच्या या प्रदेशात इंजिन थंड करणारे पाणी ० अंश से.लाच गोठते. महासागराचे पाणी −१.९ अंशांपर्यंत तग धरते, पण बाल्टिकचे मचूळ पाणी जवळजवळ गोड्यासारखेच वागते.

पाणी आणि बीड (ओतीव लोखंड). गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. वाढीला वाव नसला तर दाब चढत जातो. पाणी पूर्ण कोंडलेले असेल तर −२२ अंशांच्या सुमारास हा दाब २,००० वातावरणांच्या घरात पोहोचू शकतो. फ्लॉरेन्सच्या आकादेमिया देल चिमेंतो या विद्वत्सभेने धातूचे गोळे पाण्याने भरून, गोठवून फोडल्याचे वृत्तांत १६६७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १७८४-८५ च्या हिवाळ्यात क्वेबेकमध्ये एडवर्ड विल्यम्स या तोफखान्यातील अधिकाऱ्याने तोफेचे पोकळ लोखंडी गोळे पाण्याने भरले, बूच ठोकून बंद केले आणि उघड्यावर ठेवले. काही वेळा बूच उडून दूर जाऊन पडले, तर काही वेळा बूच जागीच राहून गोळाच तडकला. इंजिनाच्या बाबतीत जो गैरसमज पुढे पसरला, त्याचे उत्तर या प्रयोगात आधीच सापडते.

हा गैरसमज 'फ्रीझ प्लग'चा. इंजिनाच्या ठोकळ्याच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या ओतीव मुख्य भागाच्या, बाजूला पातळ पत्र्याच्या वाटीसारखी गोल बुचे दिसतात. पाणी गोठले तर ही बुचे सुटून ठोकळा वाचावा म्हणूनच ती बसवलेली असतात, असे अनेक गॅरेजांत आणि काही जुन्या पुस्तिकांतही सांगितले जाते. ओतकामाच्या दृष्टीने पाहता हे मत टिकत नाही. ठोकळा ओतताना पाण्याच्या पोकळ्या राखण्यासाठी साच्यात वाळूचे गाभे ठेवावे लागतात. हे गाभे आधारून धरण्यासाठी आणि नंतर वाळू झाडून काढण्यासाठी भोके राहतात, ती मागाहून बुजवावी लागतात. म्हणून 'कोअर प्लग' हे दुसरे नाव अधिक बरोबर ठरते. तिसरे नाव 'वेल्श प्लग'. ते अमेरिकेतील वेल्श मोटार कंपनीवरून आले असे मानतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गाडीच्या चाचणीत आट्यांचे बूच निसटले, तेव्हा वेल्श बंधूंपैकी एकाने अर्ध्या डॉलरचे नाणे हातोडीने भोकात ठोकून बसवले आणि त्यातून पत्र्याच्या बुचाची कल्पना निघाली, अशी आख्यायिका आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी, पण नावाची व्युत्पत्ती तिच्यामुळे सुसंगत लागते. 'फ्रीझ प्लग' हे नाव बुचे सुटलेली पाहून पडले असावे. बुचे सुटतात हे खरे, पण ती सुटतीलच याची हमी नसते. बर्फ सर्वांत आधी कोठे धरतो, पाणी कोठे कोंडते आणि बीड कोठे पातळ आहे, यावर निकाल अवलंबून राहतो. बीड ताणाला दुबळे आणि ठिसूळ असल्यामुळे ते वाकत नाही, तडकते. तडा कधी बाहेरच्या भिंतीला जातो, कधी आतल्या बाजूला. आतला तडा वसंतात इंजिन चालू केल्यावर तेल दुधाळ झाले की उमगतो.

शीतनाचे दोन प्रकार. कोणत्या इंजिनाला किती धोका, हे त्याच्या शीतनपद्धतीवर ठरते. कच्च्या पाण्याच्या पद्धतीत सरोवराचे किंवा समुद्राचे पाणी तळाच्या झडपेतून, गाळणीतून आणि रबरी इंपेलरच्या (पात्यांच्या चक्राच्या) पंपातून थेट ठोकळ्यात जाते आणि धुराबरोबर बाहेर पडते. बंद पद्धतीत ठोकळ्यात कायमचे गोठणरोधक द्रावण फिरते आणि बाहेरचे पाणी फक्त हीट एक्स्चेंजर (द्रावणाची उष्णता बाहेरच्या पाण्याला देणारे उपकरण), तेलाचा कूलर, एक्झॉस्टचा कोपरा आणि मफलर यांतून जाते. अशा इंजिनाचा ठोकळा सहसा सुरक्षित असतो, मात्र बाहेरच्या पाण्याची बाजू रिकामी करावीच लागते. बंद पद्धत आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या मालकांचे हीट एक्स्चेंजर फुटतात ते यामुळेच.

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश येथे १९४७ पासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तयार होणारे युनिव्हर्सल कंपनीचे 'अ‍ॅटॉमिक फोर'. हे चार सिलिंडरांचे, सुमारे ३० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन शिडाच्या नौकांतून हजारोंनी बसले आणि त्यांतील बहुतेकांत कच्चे पाणीच फिरत असे. कारखान्याच्या गावाला लागूनच असलेले विनेबॅगो सरोवर दर हिवाळ्यात इतके गोठते की त्यावर मोटारी उभ्या करून मासेमारी चालते. या इंजिनाचे जतन हा मालकांचा वार्षिक चिंतेचा विषय झाला, यात नवल नाही.

रिकामे करावे की भरावे? जाणकारांत खरा मतभेद आहे तो येथे. एक पक्ष ठोकळा, मॅनिफोल्ड (सिलिंडरांतील धूर एकत्र नेणारा भाग) आणि नळ्या यांची सर्व निचरा-बुचे काढून पाणी सोडून देतो आणि इंजिन कोरडे ठेवतो. हवा गोठत नाही, हा त्याचा साधा युक्तिवाद. दुसरा पक्ष पाणी ओढणारी नळी अँटिफ्रीझच्या बादलीत टाकून इंजिन काही मिनिटे चालवतो आणि एक्झॉस्टमधून रंगीत पाणी येऊ लागले की काम झाले असे मानतो. ही दुसरी रीत जलद आहे, नौका पाण्यात असतानाही जमते, आणि गोदीत तिचाच प्रसार अधिक दिसतो.

तिच्यातला दोष थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेचा आहे. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट मिटलेला असतो आणि अनेक रचनांत पंपाचे पाणी ठोकळ्याला वळसा घालून सरळ एक्झॉस्टकडे जाते. बाहेर गुलाबी पाणी दिसते, आत मात्र सरोवराचे पाणी जसेच्या तसे राहते. इंजिन आधी गरम करून मग बादली लावली तर थर्मोस्टॅट उघडा असतो, पण थंड द्रावण आत येताच तो पुन्हा मिटू लागतो. शिवाय आत उरलेले पाणी द्रावणाला पातळ करते. निव्वळ निचऱ्याच्या पक्षाचाही एक दुबळा दुवा आहे. बूच काढले आणि पाणी आले नाही, म्हणजे ठोकळा रिकामा आहे असे नव्हे. गंज, वाळू आणि शिंपल्यांचा चुरा भोकाशी साचतो. म्हणून प्रत्येक भोकात तार खुपसून मोकळेपणा तपासणे अगत्याचे आहे, आणि नवख्याच्या हातून नेमके तेच राहून जाते. ठोकळ्यापुरते पाहता, आधी निचरा करून, तार फिरवून, मग वरून होज सोडून ठोकळ्यात अँटिफ्रीझ ओतणे ही संमिश्र रीत अधिक भरवशाची दिसते. ती वेळखाऊ मात्र आहे. खाऱ्या पाण्यातील इंजिनात याआधी गोडे पाणी फिरवून मीठ धुतात. या पायरीत गोठायला अधिक सोपे असे पाणीच मुद्दाम आत भरले जाते, याचे भान ठेवावे लागते.

अँटिफ्रीझ. एथिलीन ग्लायकॉल प्रथम शार्ल-आदोल्फ व्युर्त्झ या फ्रेंच रसायनज्ञाने १८५६ च्या सुमारास तयार केले. मोटारींसाठी ते 'प्रेस्टोन' या नावाने अमेरिकेत १९२७ मध्ये आले, त्याआधी मद्यार्क आणि ग्लिसरीन यांवर भागवत. एथिलीन ग्लायकॉल व पाणी यांचे समप्रमाण मिश्रण सुमारे −३७ अंशांपर्यंत द्रव राहते, पण शुद्ध ग्लायकॉल मात्र −१३ अंशांच्या आसपासच गोठते, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात नसते. ते विषारी आणि चवीला गोड असल्याने कुत्र्या-मांजरांना घातक ठरते. कच्च्या पाण्याच्या इंजिनातील द्रावण वसंतात थेट पाण्यात जाते, म्हणून त्यात सौम्य प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. गुलाबी रंगावरून मात्र काही ठरत नाही, कारण मद्यार्काचे स्वस्त द्रावणही गुलाबीच विकले जाते. ते ज्वालाग्राही असून रबराला सोसत नाही.

डब्यावरचा आकडा हा दुसरा सापळा. '−५०' हे फॅरनहाइटमधील असते, म्हणजे सुमारे −४६ अंश से., आणि तो गोठण्याचा बिंदू नव्हे. त्या तापमानापर्यंत पाण्याचे नळ फुटू नयेत, इतकाच त्याचा अर्थ. असे द्रावण −१० अंश से.च्या आसपासच किसलेल्या बर्फासारखे होऊ लागते. नळात ते सरकू शकते म्हणून नळ वाचतो. इंजिनाच्या आडवळणी पोकळ्यांत, आणि उरलेल्या पाण्याने ते पातळ झाले असताना, तेवढी खात्री धरता येत नाही. म्हणून ठोकळ्यासाठी '−१००'चे दाट द्रावण घेण्याकडे अनुभवी लोकांचा कल असतो, आणि बाहेर पडणारे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरने (द्रावणाची दाटी दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजून पाहतात.

तेल, इंधन व इतर. तेल वसंतात नव्हे, साठवणीपूर्वीच बदलतात, कारण वापरलेल्या तेलातील आम्ले आणि ओल बेअरिंगना हिवाळाभर खात राहतात. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरांत दाट तेलाचा फवारा मारतात. इंधनाची टाकी भरलेली ठेवावी की रिकामी, यावर एकमत नाही. भरलेल्या टाकीत दमट हवेला जागा कमी, पण १० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल ओल शोषत गेल्यास त्यातून पाणी व मद्यार्काचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. स्थिरक (इंधन बिघडू न देणारे रसायन) घालून, फुगण्यापुरती जागा सोडून टाकी जवळपास भरणे, हा मधला मार्ग बहुतांश ठिकाणी स्वीकारलेला दिसतो. डिझेलमध्ये पाणी व इंधन यांच्या सीमेवर बुरशी वाढते. तिच्यातील प्रमुख जाती पूर्वी 'क्लॅडोस्पोरियम रेझिनी' म्हणून ओळखली जाई. पूर्ण भारित बॅटरी −५० अंशांतही गोठत नाही, उतरलेली −१० अंशांच्या आसपासच गोठून फुटू शकते. इंपेलर काढून ठेवतात, कारण एकाच जागी दबून राहिलेली त्याची पाती तशीच वाकडी होतात. नौका पाण्यातच राहणार असेल तर तळाची झडप मिटतात आणि इंजिनाची किल्ली त्याच झडपेच्या दांड्याला अडकवतात. झडप न उघडता कोणी इंजिन चालू करू नये, यासाठी ही युक्ती आहे.

भारतात. कोकण किनाऱ्यावर गोठण्याचा प्रश्न नाही, पण हंगामी साठवणीची प्रथा जुनीच आहे. पावसाळी मासेमारी-बंदीच्या काळात, सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै, मच्छीमार नौका किनाऱ्यावर ओढून 'शाकारतात'. हा शब्द घर शाकारण्यावरूनच आला असून, पूर्वी झावळ्यांनी झाकत असत तेथे आता बहुधा प्लास्टिकची ताडपत्री दिसते. इंजिनाला येथे शत्रू ओल आणि खारा वारा, त्यामुळे पाण्यापेक्षा तेल, बॅटरी आणि तारांचे सांधे यांची काळजी आधी घेतली जाते. खरी गोठण लडाखमधील पँगाँग सरोवरात आढळते. ४,२०० मीटरांहून अधिक उंचीवरील हे मचूळ सरोवर हिवाळ्यात गोठते. अशा उंचावरील जलाशयांत गस्त घालण्यासाठी १२ वेगवान नौका बांधण्याचा करार भारतीय लष्कराने जानेवारी २०२१ मध्ये गोवा शिपयार्ड लिमिटेडशी केला.