दशावतारी कलाकाराला तालीम लागत नाही?

दशावतार म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणारं लोकनाट्य. ‘दशावताराला तालीम लागत नाही, तोंड रंगवलं की उभं राहायचं’ हे सिंधुदुर्गात जत्रेला येणारे पाहुणे वर्षानुवर्षं बोलत आले आहेत. ते खरं नाही.

लिहिलेली संहिता नसते, एवढंच त्यात खरं. आख्यान, म्हणजे त्या रात्रीची पौराणिक कथा, ठरतं, भूमिका वाटल्या जातात आणि संवाद रंगमंचावरच सुचतात. पण सुचतात ते कशाच्या जोरावर? रामायण, महाभारत आणि पुराणं तोंडपाठ असतात म्हणून. समोरच्या राक्षसाने अचानक वेगळाच मुद्दा काढला तरी राजाला सभेत उत्तर द्यावंच लागतं. युद्धाच्या नाचात मृदंगाचा ठेका आणि पाऊल एकत्र पडावं लागतं, तेही रात्री दोन वाजता, जड मुकुट सांभाळत. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाला नऊवारी नेसणं, चाल, मान वळवणं हे सगळं वेगळं शिकावं लागतं. रंगभूषाही ज्याची त्याने करायची.

हे शिक्षण कुठे होतं? सुरुवातीच्या संकासुराच्या, गणपतीच्या प्रवेशांच्या वेळी विंगेत उभं राहून जाणत्या नटांचं बघत. कार्तिकापासून जत्रांचा हंगाम लागला की आज या गावी, उद्या त्या गावी. पहाटे दहीकाला होऊन खेळ संपतो, दुपारी थोडी झोप, संध्याकाळी पुन्हा वेशभूषेचा पेटारा उघडायचा. माझ्या मते हीच खरी तालीम, फक्त ती प्रेक्षकांसमोर चालते.