एफेससचा समुद्र गेला कुठे?

तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर, सेल्चुक गावाजवळ एफेसस या प्राचीन ग्रीक शहराचे अवशेष आहेत. तिथल्या पंचवीसेक हजार माणसांच्या खुल्या नाट्यगृहात वरच्या पायरीवर बसलं, की समोर खांबांच्या दोन रांगांमधून जाणारा फरसबंद रस्ता दिसतो. अर्धा किलोमीटर सरळ जाऊन तो झुडपांत आणि लव्हाळ्यात संपतो. हा बंदरावर जायचा रस्ता. आज समुद्र तिथून पाच-सहा किलोमीटर लांब आहे.

पर्यटक फोटो काढतात ते सेल्ससच्या ग्रंथालयाचे. त्याचा दर्शनी भाग १९७०च्या दशकात पुन्हा उभारलेला आहे. शहराची खरी गोष्ट मात्र जवळून वाहणाऱ्या कायस्ट्रोस नदीच्या गाळाची आहे.

इ.स.पू. ३००च्या सुमारास अलेक्झांडरचा सेनापती लिसिमॅकस यानं शहर आजच्या जागी हलवायचं ठरवलं. लोक जुनी घरं सोडेनात. मग त्यानं मोठा पाऊस पडायची वाट पाहिली आणि गटारं तुंबवली. घरात पाणी शिरल्यावर सगळे निमूट निघाले, असं भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. पुढे पर्गमन या ग्रीक राज्याचा राजा अटालस फिलाडेल्फस यानं बांध घालून बंदराचं तोंड अरुंद केलं. पाणी खोल राहील, मोठी गलबतं आत येतील, हा हिशेब. झालं उलटंच. पूर्वी भरती-ओहोटीबरोबर बाहेर जाणारा गाळ आतच बसू लागला. खाडीकाठच्या माणसाला यापुढचं सांगायला नको.

रोमन काळात एफेसस ‘आशिया’ नावाच्या प्रांताची (म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानची) राजधानी झालं आणि गाळ उपसणं हे कायमचं काम होऊन बसलं. हेड्रियन बादशहानं नदीचा प्रवाहच वळवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या शतकातला एक शिलालेख तर अगदी आजच्या नगरपालिकेच्या नोटिशीसारखा आहे: धक्क्यावर लाकडाचे ढीग रचू नका, तिथे दगड कापू नका, त्याच्या भुकटीनं बंदर भरतं.

गॉथ या जर्मानिक टोळ्यांची लूट झाली, भूकंप झाले. त्यातून शहर सावरलं. पण बंदराची दलदल झाल्यावर वस्ती हळूहळू शेजारच्या टेकडीकडे सरकली.

जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेलं आर्टेमिस या ग्रीक देवीचं देऊळही याच गाळाखाली गेलं. इ.स.पू. ३५६ मध्ये आपलं नाव व्हावं म्हणून हेरोस्ट्रेटस नावाच्या माणसानं ते जाळलं होतं (नाव राहिलंच!), लोकांनी ते पुन्हा बांधलं, आणि नंतर ते नेमकं कुठे होतं हेही कुणाला सांगता येईना. जॉन टर्टल वुड हा इंग्रज सहा वर्षं शोधत होता. नाट्यगृहातल्या एका शिलालेखात देवीच्या मिरवणुकीची वाट दिली होती. तिचा माग काढत ३१ डिसेंबर १८६९ रोजी त्याला देवळाची फरशी लागली, सुमारे वीस फूट खाली. आज तिथे एकच खांब आहे, तोही सापडलेले तुकडे एकावर एक रचून केलेला. माथ्यावर करकोच्याचं घरटं, आणि पाऊस झाला की पायाशी तळं.