कॅव्हिआर: माशाच्या अंड्यांचा भाव इतका कसा चढला

बेलापूरजवळच्या दिवाळे गावात मासळी घ्यायला गेलं की कोळीण माशाचं पोट अंगठ्याने हलकेच दाबून दाखवते. "गाभोळी हाय बाय यात, घेऊन जा." त्या दोन पिवळसर पिशव्यांसाठी आपण चार पैसे जास्त देतो, घरी आणून हळद, मीठ, तिखट, आगळ लावतो आणि तांदळाच्या पिठात घोळवून मंद आचेवर परततो. परवा घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या भाचीने मोबाइलवर कॅव्हिआरची ३० ग्रॅमची डबी दाखवली. किंमत हजारांत. तिने विचारलं, "मावशी, ही पण गाभोळीच ना? मग एवढे पैसे कशाचे?"

तिचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर चवीत कमी आणि इतिहासात जास्त सापडतं.

कॅव्हिआर ही गाभोळीच, पण काटेकोर अर्थाने फक्त स्टर्जन माशाची, मीठ लावलेली. आपण गाभोळीची पिशवी जपतो. ती फाटली तर अंडी तेलात तडतडतात आणि अर्धी वाया जातात. कॅव्हिआर करणारे नेमकं उलट करतात. मासा कापला की पिशवी जाळीवर अलगद घासून दाणा न् दाणा सुटा करतात, थंड पाण्यात धुतात, निथळतात आणि मोजून मीठ लावतात. उत्तम मालात मीठ तीन ते पाच टक्केच असतं. रशियन भाषेत त्याला 'मालोसोल', म्हणजे कमी खारट, म्हणतात. मीठ कमी म्हणजे टिकाऊपणा कमी, त्यामुळे डबा पहिल्या दिवसापासून थंडीतच ठेवावा लागतो. धातूचा वास लागू नये म्हणून खायला शिंपल्याचा चमचा घेतात. शिजवणं नाही, फोडणी नाही. जिभेवर दाणा फुटतो तेवढीच काय ती मजा.

आता मासा. स्टर्जन आपल्याकडच्या कुठल्याच पाण्यात नाही. त्याचं घराणं सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचं, म्हणजे डायनासोरच्या काळातलं. अंगावर नेहमीसारखे खवले नाहीत, हाडासारख्या कठीण ढालींच्या रांगा असतात. सांगाडा बहुतांशी कूर्चेचा. तोंड खाली आणि त्याच्यापुढे चार मिशा, ज्यांनी तो तळ चाचपत जातो. कॅस्पियन आणि काळ्या समुद्रातला बेलुगा हा त्यातला राजा. पूर्वी एक टनाहून जड बेलुगा सापडल्याच्या नोंदी आहेत. तो शंभरेक वर्षं जगू शकतो. सगळ्या गोष्टीची मेख मात्र पुढे आहे: बेलुगाची मादी अंड्यावर यायला पंधरा-वीस वर्षं घेते, आणि त्यानंतरही दरवर्षी अंडी घालत नाही. ओसेट्रा आणि सेवरुगा हे भाऊबंद आकाराने लहान आणि थोडे लवकर वयात येणारे. कॅव्हिआरच्या मोठ्या डब्यांची झाकणंही त्याप्रमाणे ठरलेली: बेलुगाला निळं, ओसेट्राला पिवळं, सेवरुगाला लाल.

इतकी हळू वाढणारी मासळी एकदा उपसली की भरून यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं अमेरिकेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या नद्यांत स्टर्जन इतके होते की कोळी त्यांना जाळी फाडणारी पीडा समजत. हडसन नदीच्या काठी त्याचं मांस 'ऑल्बनीचं बीफ' म्हणून स्वस्तात विकलं जाई. १८७३ साली हेन्री शाख्त नावाच्या जर्मन स्थलांतरिताने डेलावेअर नदीवर कॅव्हिआरचा धंदा सुरू केला. न्यू जर्सीत तर एका वस्तीचं नावच कॅव्हिआर पडलं. माल युरोपला जाई, आणि त्यातला काही रशियन म्हणून परत अमेरिकेत विकायला येई. दारूच्या गुत्त्यांत कॅव्हिआर फुकट ठेवत असं सांगतात. खारट खाल्लं की माणूस आणखी पितो. हा सुकाळ पंचवीस-तीस वर्षं टिकला. १९०० च्या आसपास डेलावेअरचे स्टर्जन संपत आले होते, आणि ते आजतागायत सावरलेले नाहीत. मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सर्वांत जास्त लागतो, कारण मासा उपसण्यात इथे चोरी नव्हती. होतं म्हणून काढत गेले, एवढंच.

मग सगळ्या जगाची नजर कॅस्पियनवर गेली. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियन उमराव पॅरिसला पळाले आणि त्यांच्या मागोमाग त्यांची खाण्याची हौसही गेली. १९२० मध्ये पेट्रोसियन या आर्मेनियन भावांनी पॅरिसमध्ये दुकान काढलं आणि फ्रेंचांना कॅव्हिआरची गोडी लावली. माल मात्र दोनच हातांतून येई, सोव्हिएत सरकार आणि इराण. इराणात आणखी एक अडचण होती. शिया परंपरेत खवले नसलेला मासा निषिद्ध, म्हणून स्टर्जन देशातल्या बहुतेकांच्या ताटात येतच नसे, परदेशी जाई. १९८३ मध्ये त्याला खवले आहेत असा निर्वाळा मिळाला आणि इराणचे सर्वोच्च धर्मनेते खोमेनी यांनी तो खाण्यास मान्यता दिली.

सरकारी मक्तेदारीने एक गोष्ट चांगली केली: किती मासा काढायचा त्यावर लगाम राहिला. पण त्याच सोव्हिएत सरकारने कॅस्पियनला मिळणाऱ्या व्होल्गा नदीवर व्होल्गोग्राडला धरण बांधलं, जे १९६१ मध्ये पूर्ण झालं. स्टर्जन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत वर चढतो, आपल्या पाल्यासारखा. ज्याला बंगाली लोक इलिश म्हणतात तोच पाला. १९७५ मध्ये गंगेवर फराक्काचा बंधारा झाला आणि इलिशची अलाहाबादपर्यंतची वाट तुटली. व्होल्गावर बेलुगाचं तेच झालं. अंडी घालायच्या बहुतेक जागा भिंतीपलीकडे राहिल्या. मत्स्यबीज केंद्रांतून पिल्लं सोडून तूट भरण्याचे प्रयत्न झाले, तेवढ्यावर काही वर्षं निभावलं.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि कॅस्पियनच्या काठावर दोनाऐवजी पाच देश उभे राहिले. पहारा ढिला झाला, पगार थांबले, आणि एका मादीच्या पोटात कुटुंबाची वर्षाची कमाई होती. चोरटी मासेमारी बेसुमार वाढली. १ एप्रिल १९९८ पासून स्टर्जनच्या सगळ्या जाती साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आल्या आणि परवान्याशिवाय व्यापार बंद झाला. २००५ मध्ये अमेरिकेने बेलुगाची आयातच थांबवली. तरी २०२२ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जाहीर केलं की उरलेल्या सर्व २६ जाती धोक्यात आहेत, आणि चीनच्या यांगत्से नदीतला स्टर्जन निसर्गातून नाहीसा झाला आहे.

भाव चढला तो या वाटेने. स्वस्त होता तेव्हाही दाणा तोच होता.

आज कायदेशीर बाजारात येणारा जवळजवळ सगळा कॅव्हिआर पाळलेल्या स्टर्जनचा असतो, आणि सगळ्यात मोठा उत्पादक आहे चीन. झेजियांग प्रांतातलं छिएनताओ हे त्यातलं नावाजलेलं तळं, तेही १९५९ च्या धरणामुळे बनलेलं. मत्स्यशेतीमुळे भाव खाली आलेत, पण एका मर्यादेपर्यंतच. पिल्लू नर की मादी हे ओळखायला काही वर्षं जातात, सोनोग्राफी करावी लागते. मग मादीला आणखी काही वर्षं पोसायचं, रोज खाणं, स्वच्छ पाणी, आणि एवढं करून मासा एकदाच कापायचा. आठ-दहा वर्षांचा खर्च त्या डबीत असतो. पांढऱ्या बेलुगाचा 'अल्मास' कॅव्हिआर तर किलोला २० हजार पौंडांच्या घरात विकला गेला आहे.

भाचीला हे सांगता सांगता मला आपल्याकडची घोळ मासळी आठवली. स्टर्जनच्या पोटातली हवेची पिशवी पूर्वी बीअर आणि वाइन नितळ करायला वापरत. घोळीच्या पिशवीला, आपल्याकडे जिला बोत म्हणतात, त्याच कामासाठी आणि पूर्व आशियात खाण्यासाठी मोठी मागणी आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरजवळ मुरबेच्या कोळ्यांना एका फेरीत १५७ घोळी मिळाल्या आणि त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये आले. त्या घरांसाठी मला मनापासून आनंद झाला होता. ती बातमी झाली, कारण एवढ्या घोळी एकत्र मिळणं हीच आता नवलाची गोष्ट आहे.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, मासळीला अंडी घालायला उसंत मिळावी म्हणून. राज्याने ५४ जातींसाठी किमान आकारही ठरवला आहे; पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पकडायचं नाही. पुढच्या वेळी दिवाळ्याला गेले तेव्हा मी नेहमीच्या कोळणीला घोळीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "मोठी घोळ? माझ्या सासूच्या टोपलीत असायची बाय. मी कवातरी बघते."