कात्री (कापड व कागदकाम)

एका खिळ्याभोवती फिरणाऱ्या दोन पात्यांच्या चिमटीत वस्तू धरून कापणारे हातातले हत्यार म्हणजे कात्री. ही नोंद शिवणकामातील आणि कागदकामातील कात्री व तिच्या जोडीने वापरली जाणारी कटरसारखी साधने एवढ्यापुरती आहे. न्हाव्याची कातर, माळ्याची कात्री आणि पत्रा कापायची कात्री यांचा विचार येथे केलेला नाही. स्थानिक उदाहरणे कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील आहेत.

व्युत्पत्ती : मराठीत ‘कातर’ आणि ‘कात्री’ अशी दोन्ही रूपे चालतात. ‘कातर’ हे रूप खेड्यांतून आणि जुन्या कारागिरांच्या तोंडी अधिक आढळते. दोन्हींचे मूळ संस्कृत ‘कर्तरी’, प्राकृत ‘कत्तरी’ असे मानले जाते. गुजराती आणि कोंकणीतील ‘कातर’ व हिंदीतील ‘कतरनी’ ही त्याच कुळातली. कोल्हापूरच्या दक्षिणेला निपाणी-चिकोडीकडे गेले की कन्नडमधील ‘कत्तरी’ कानावर पडते, आणि येथे वादाला सुरुवात होते. कन्नडमध्ये सुरी किंवा तलवार या अर्थी ‘कत्ति’ हा शब्द आहे, तमिळमध्येही त्याचा सख्खा भाऊ आहे. त्यामुळे ‘कत्तरी’ मुळात द्राविडी असून संस्कृतने ती उसनी घेतली असावी, असे एक मत मांडले जाते. दुसऱ्या मतानुसार ती संस्कृतातून दक्षिणेकडे गेली. ‘कापणे’ या अर्थाचा ‘कृत्’ हा धातू ऋग्वेदापासून वापरात आहे आणि ‘कर्तन’, ‘कर्तरी’ ही रूपे त्यापासून कोणतीही ओढाताण न करता सिद्ध होतात, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘कत्ति’शी असलेले ध्वनिसाम्य मात्र सीमाभागात हा शब्द रुजायला उपयोगी पडले असणार. ‘अडकित्ता’ या शब्दाची घडण याच सीमाभागाची साक्ष देते. त्याचा पहिला भाग कन्नड ‘अडके’ म्हणजे सुपारी असा लावला जातो.

काही शब्द सारखे दिसतात, पण त्यांचा कात्रीशी संबंध नाही. शाळेत शिकवला जाणारा ‘कर्तरी प्रयोग’ कर्त्यावरून आला आहे. ‘कातर आवाज’ यातील कातर म्हणजे भित्रा, व्याकूळ. तो स्वतंत्र संस्कृत शब्द आहे. ‘कातरवेळ’ यातला ‘कातर’ कोणता, यावर दोन मते आहेत. दिवस आणि रात्र जिथे कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकांना छेदतात ती वेळ, ही उपपत्ती आकर्षक आहे, पण मनाची घालमेल करणारी वेळ हा अर्थ मराठी वापराशी अधिक जुळतो. नृत्यातील ‘कर्तरीमुख’ हस्तमुद्रा मात्र सरळ हत्याराच्या आकारावरून आली आहे. तर्जनी आणि मधले बोट फाकवून ती दाखवतात. ‘कैची’ हा शब्द तुर्की मुळाचा. मराठीत तो कापण्याच्या हत्यारापेक्षा छपराच्या त्रिकोणी सांगाड्यासाठी, कोंडीत सापडण्यासाठी आणि तालमीत पायांनी घातलेल्या पकडीसाठी जास्त वापरला जातो.

इतिहास : सर्वांत जुन्या कात्र्यांना खिळा नव्हता. धातूची एकच पट्टी वाकवून दोन्ही टोकांना पाती काढत. दाबली की मिटे, सोडली की आपोआप उघडे. असा प्रकार पश्चिम आशिया आणि ईजिप्त येथे इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या सुमारास असावा असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, पण नमुना म्हणून दाखवल्या जाणाऱ्या काही वस्तू पुढे बऱ्याच उत्तरकालीन ठरल्या आहेत. खिळ्याची, एकमेकांना छेदणाऱ्या पात्यांची कात्री रोमन काळात, इ.स. पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपास दिसते. ती लिओनार्दो दा विंचीने शोधली ही लोकप्रिय समजूत टिकणारी नाही.

भारतीय ग्रंथांतील उल्लेख शस्त्रक्रियेच्या संदर्भात आहेत. सुश्रुताच्या वीस शस्त्रांपैकी ‘शरारीमुख’ हे पक्ष्याच्या चोचीसारखे हत्यार म्हणजे कात्रीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आयुर्वेदाचा ग्रंथकार वाग्भट याने मात्र ‘कर्तरी’ असे थेट नाव घेऊन स्नायू, दोरा आणि केस कापायला ती सांगितली आहे. दोऱ्याचा हा उल्लेख शिवणकामाच्या दृष्टीने मोलाचा आहे. पुढच्या काळात १७६१ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे रॉबर्ट हिंचलिफ याने ओतीव पोलादाच्या कात्र्या बनवल्या आणि तेथून घाऊक उत्पादनाला चालना मिळाली. शिंपीकामात नावाजलेल्या मेरठच्या कात्र्या मोटारी व रेल्वेच्या भंगारातील पोलादापासून घडवल्या जातात. त्यांना २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फिनलंडच्या फिस्कर्स कंपनीने १९६७ मध्ये नारिंगी प्लॅस्टिकच्या मुठीची हलकी कात्री बाजारात आणली, आणि घरगुती कात्रीचे रूप त्यानंतर बदलले.

रचना व कार्य : कात्रीची गुणवत्ता धारेइतकीच जोडावर अवलंबून असते, हे सामान्य वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पाती वरून सपाट दिसली तरी प्रत्येक पाते आतल्या अंगाने किंचित पोकळ आणि लांबीत थोडे बाकदार असते. म्हणून मिटताना ती एका वेळी एकाच बिंदूत भेटतात आणि तो बिंदू खिळ्यापासून टोकाकडे सरकत जातो. मिटलेली चांगली कात्री उजेडापुढे धरली तर पात्यांच्या मधोमध बारीक फट दिसते. ती दोष नव्हे, तीच कात्रीची जान. फट गेली, की धार कितीही लावा, कापड चिरण्याऐवजी पात्यांत दुमडून बसते.

खिळा किती घट्ट आहे हे पाहायची जुनी रीत सोपी आहे. कात्री काटकोनात उघडायची, एक कडी (बोटे घालायचे वळे) धरून दुसरी सोडायची. पाते धाडकन मिटले तर खिळा सैल, जागचे हललेच नाही तर फार आवळलेला. वाटेत कुठेतरी थांबले तर ठीक. दुसरी कसोटी टोकाची : ओल्या मलमलीचा एकेरी पदर अगदी टोकाने कापून पाहायचा. टोक ‘चावले’, म्हणजे धागा न तुटता ओढला गेला, तर ती कात्री काज्याच्या कामाला चालत नाही.

उजव्या हाताने कापताना अंगठा कडी बाहेर ढकलतो आणि बोटे आत ओढतात, त्यामुळे पाती एकमेकांवर दाबली जातात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की हा जोर उलटतो आणि पाती फाकतात. डावखुऱ्यांना ‘हात वळत नाही’ म्हणून शाळेत बोलणी खावी लागतात, त्यात त्यांचा काहीच दोष नसतो. त्यांची कात्री वेगळी, आरशातल्या प्रतिमेसारखी उलट जोडणीची असावी लागते.

शिवणकामातील प्रकार : शिंप्याची बेतायची कात्री साधारण १० ते १२ इंची आणि वजनदार असते. तिची खालची कडी तीन-चार बोटे मावतील एवढी मोठी व दांडा वाकडा असतो, म्हणजे खालचे पाते टेबलावरून न उचलता सरकते आणि कापडाचे थर हलत नाहीत. काज्यांच्या कात्रीत पात्यांना खिळ्याजवळ खाच असते आणि काजे किती लांब हवे ते स्क्रूने ठरवता येते. नागमोडी दातांच्या झिगझॅग कात्रीने कापलेली कड कमी उसवते, कारण तिरक्या कापामुळे सुटणारा प्रत्येक धागा आखूडच राहतो. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू झाला आणि पुढे गावाचे अर्थकारणच मागावर उभे राहिले. तेथे मेंडिंगच्या, म्हणजे विणलेल्या कापडातले दोष काढण्याच्या, कामात कडी नसलेली, चिमट्यासारखी आखूड कात्री तळहातात धरून लोंबते धागे छाटतात. ही खिळ्याआधीच्या प्राचीन कात्रीचीच आजची वंशज आहे. वाकळ शिवणाऱ्या बायकांना मोठी कात्री फारशी लागत नाही. जुन्या लुगड्याला कडेला एक छेद दिला की पुढचे कापड हातानेच सरळ फाटते.

कागदकामातील प्रकार : कापडाच्या कात्रीने कागद कापू नये, हा शिंप्यांच्या घरचा कडक दंडक आहे आणि तो रास्त आहे. कागद गुळगुळीत व पांढरा दिसावा म्हणून त्यात चिनी माती, कॅल्शियम कार्बोनेट अशी खनिजे घालतात. ती धार झिजवतात. पताका, आकाशकंदील आणि मखर यांसाठी म्हणून वेगळी, हलकी कात्री ठेवतात. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यानंतर गणपतीच्या मखरांत पुठ्ठा आणि कागद पुन्हा आले, आणि त्यांच्याबरोबर कटरही. पाते तोडत वापरायचा हा कटर जपानमधील ओल्फा कंपनीच्या संस्थापकाने १९५६ मध्ये बनवला. काचेच्या फुटलेल्या कडा आणि चॉकलेटच्या वडीवरील रेघा यांवरून ही कल्पना सुचल्याचे सांगितले जाते. साध्या कागदाला ९ मिमी. रुंद पाते पुरते, जाड पुठ्ठ्याला १८ मिमी.चे लागते. पुठ्ठा एका दमात कापू नये, पट्टीच्या आधाराने दोन-तीन हलके फेरे मारावेत. अपघात बहुधा जोर लावल्यानेच होतात. ओल्फानेच १९७९ मध्ये आणलेला गोल पात्याचा कटर पाहिला की मराठी घरात करंजीचे कातणे आठवते. फिरत्या चाकाने कापण्याचे तत्त्व तेच आहे.

लोकसमजुती : रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणे होतात, आणि ग्रहणात गरोदर बाईने कात्री हाती धरू नये, या समजुती कोल्हापूरकडेही सर्वत्र आढळतात.

धार : कोल्हापूर-सांगली भागात आढळणारे ‘शिकलगार’ हे आडनाव हत्यारांना धार व झिलई देण्याच्या व्यवसायावरून आले आहे, फार्सीतून आलेल्या ‘सैकल’ म्हणजे झिलई या शब्दाशी ते जोडले जाते. गल्लोगल्ली फिरणारा धारवाला सायकलला सहाणेचे चाक बसवतो आणि स्टँडवर उभ्या सायकलचे पायडल मारून ते फिरवतो. जाणकार कारागीर पात्याची फक्त बाहेरची उतरती कड घासतो आणि आतली पोकळ बाजू सहाणेला लागू देत नाही, कारण ती सपाट झाली की पात्यांची भेट एका बिंदूत होत नाही. शेवटी खिळ्यावर हातोडीचा हलका ठोका देऊन तो सैलपणा काढतो आणि चिंधीचा तुकडा टोकापर्यंत कापून दाखवतो.