हमी देणारं घर

मध्य प्रांत १८६१ मध्ये स्थापन झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि १८६४ मध्ये इथलं मनोरुग्णालय सुरू झालं. नागपूरकरांचा पागलखाना तो हाच. रुग्णाला समाजापासून दूर ठेवायचं, एवढाच तेव्हाचा हेतू. बाहेर पडायचं तर कुणीतरी जबाबदारी घ्यावी लागे. सूफी संत ताजुद्दीन बाबांना १८९२ मध्ये इथे डांबलं गेलं. राजे रघुजीराव भोसल्यांनी हमी दिली, तेव्हा १९०८ मध्ये ते बाहेर आले. (आज त्यांच्याच दर्ग्यात, ताजबागेत, लोक आपल्या मनोरुग्णाला नवसाला नेतात.) पण प्रत्येकाला हमी द्यायला राजा कुठून मिळणार? १९१२ च्या मनोरुग्णांविषयीच्या कायद्यात भरती मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने होई, आणि घरचे असत फक्त अर्जदार.

१९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन या औषधाचा मनोरुग्णांवर गुण दिसला आणि चित्र पालटलं. स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराचा, रुग्ण औषधांवर घरी राहू शकतो, हे कळलं. मात्र गोळी दिली का, झोप झाली का, पुन्हा आवाज ऐकू येतायत का, हे बघायचं काम आई-बायकोकडे आलं, तेही काही न शिकवता. अपवाद होते. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी पन्नासच्या दशकात नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारातच तंबूंत राहायला बोलावलं. माझ्या मते आपल्याकडचा हा सर्वांत शहाणा प्रयोग.

पुढे लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांच्या संशोधनात दिसलं की जिथे सतत टोचून बोललं जातं, त्या घरांत आजार लवकर उलटतो. यावरून घरच्यांनाच दोष देणारेही निघाले. पण कुटुंबाला प्रशिक्षण द्यायला हवं, हा विचारही त्यातूनच रुजला. मराठी मुलखात तो पुढे नेला डॉ. जगन्नाथ वाणींनी. पत्नीच्या आजारपणात स्वतः शुश्रूषा केलेल्या या प्राध्यापकांनी पुण्यात ‘सा’ (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन) ही संस्था उभी केली, आणि शुभार्थी (रुग्ण) - शुभंकर (त्याची काळजी घेणारा) हे शब्द स्वमदत गटांत रुळले.

नागपूरच्या मनोरुग्णालयात विदर्भातून, छिंदवाडा-बालाघाटकडूनही रुग्ण येतात. महिन्याची औषधं घ्यायची तर सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला, स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचाही. २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. त्यावर घरचेही बोलू शकतात. पण म्हातारे आईवडील विचारतात, ‘आमच्यामागं याचं कोण?’ पालकत्वाची सोय करणारा १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. स्किझोफ्रेनिया त्यात नाही.