मुद्दाम शिळा केलेला पाव

जर्मनीत कुणाचं पोट बिघडलं की घरची माणसं हमखास दोन गोष्टी पुढे करतात: कोरा किंवा कॅमोमाइलचा चहा आणि त्स्वीबाक. त्स्वीबाक म्हणजे दोनदा भाजलेल्या पावाचे फिकट सोनेरी, कुरकुरीत काप. आपल्याकडे बेकरीत मिळणारा टोस्टही असाच दोनदा भाजतात, म्हणून त्याची चव आपल्याला परकी वाटणार नाही. फ्रान्समधल्या धर्मछळातून निसटलेल्या ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, निर्वासितांनी १६८७ मध्ये वसवलेलं जर्मनीतलं फ्रीडरिक्सडोर्फ हे गाव त्स्वीबाकसाठी नावाजलेलं आहे.

मैदा, यीस्ट, दूध, लोणी आणि थोडी साखर यांची कणीक फुगवून लांबट पाव भाजतात. मग तो लगेच कापत नाहीत, साधारण एक दिवस तसाच ठेवतात. या सगळ्या प्रक्रियेत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो हा थांबण्याचा दिवस.

पाव शिळा होतो म्हणजे वाळतो, असं आपण धरून चालतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाँ-बातिस्त बूसँगो यांनी १८५२ मध्ये ही समजूत खोडून काढली. हवाबंद ठेवलेला, पाणी मुळीच न गमावलेला पावही शिळा होतो आणि पुन्हा गरम केला की मऊ पडतो, हे त्यांनी दाखवलं. याचं कारण स्टार्चमध्ये आहे. भट्टीत स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांच्यातली रेणूंची शिस्तबद्ध मांडणी मोडते. पाव निवला की हेच रेणू हळूहळू पुन्हा जवळ येतात, एकमेकांना समांतर बसतात आणि पावाचा मऊ गाभा घट्ट होतो. फ्रिजमधल्या थंडीत तर हे आणखी वेगाने घडतं. एरवी बेकरीवाला या शिळेपणाशी झगडत असतो. त्स्वीबाक करणाऱ्याला मात्र तो हवाच असतो, कारण ताजा पाव सुरीखाली दबतो आणि त्याचा चुरा होतो, तर घट्ट झालेल्या पावाचे सुबक काप पडतात.

काप दुसऱ्यांदा भट्टीत गेले की दोन कामं होतात. पहिलं वाळवण्याचं. साध्या पावात ३५ ते ४० टक्के पाणी असतं, त्स्वीबाकमध्ये ते जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास उरतं. पण टिकाऊपणा ठरतो तो सूक्ष्मजीवांच्या हाती लागेल असं पाणी किती, यावरून. त्याला जल-सक्रियता म्हणतात आणि ती शून्य ते एक या पट्टीवर मोजतात. ताज्या पावाची जल-सक्रियता ०.९५ च्या आसपास असते, तर ०.६ च्या खाली बुरशी किंवा जिवाणू वाढूच शकत नाहीत. त्स्वीबाक या रेषेच्या कितीतरी खाली असतो. पाणी गेलं की स्टार्च आणि ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनाचं जाळं काचेसारखं कडक होतं, म्हणून तो दाताखाली कडकन तुटतो. दमट हवेतली थोडी ओल शोषली की तो सादळतो. पावसाळ्यात टोस्ट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे लागतात ते यामुळेच.

तरीही त्स्वीबाक अमर नाही. त्यातलं लोणी हवेतल्या ऑक्सिजनमुळे खवट होतं. जुन्या जहाजांवर न्यायची दगडासारखी टणक बिस्किटं नुसत्या पिठाची आणि पाण्याची करत, त्यामागचं शहाणपण इथे दिसतं.

दुसरं काम रंगाचं आणि सुगंधाचं. उष्णतेत साखर आणि प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्लं यांच्यात अभिक्रिया होते आणि काप सोनेरी, खमंग होतात; या अभिक्रियेचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी १९१२ मध्ये केलं. योगायोग असा, की कार्ल ब्रांट यांनी हागेन शहरात त्स्वीबाकचा कारखाना काढला तोही त्याच वर्षी. आज जर्मनीत घरोघरी ओळखीचं असलेलं नाव ते हेच.

आता पोटाचं बघू. कोरड्या उष्णतेने स्टार्चचा काही भाग तुटून डेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चचे लहान तुकडे, तयार होतं. शिवाय या कापांत तंतू कमी आणि स्निग्धांशही बेताचाच, त्यामुळे ते पोटाला जड पडत नाहीत. पण त्स्वीबाक जुलाब थांबवत नाही. जुलाबात शरीरातलं पाणी आणि क्षार जातात. ते भरून काढायला ओआरएसच लागतं, त्स्वीबाक त्याची जागा घेऊ शकत नाही. ग्लूटेन न सोसणाऱ्यांनी तो टाळायलाच हवा.

जर्मन घरांत तो गरम दुधात कालवून लहान मुलांना देतात, तर चुरा करून लोण्यात मळला की केकचा तळ होतो. मुलांच्या बाबतीत एक काळजी मात्र खरी आहे. १२० अंश सेल्सियसच्या वर, कमी ओलाव्यात, अॅस्परजीन हे अमिनो आम्ल आणि साखर यांच्यापासून अॅक्रिलामाइड तयार होतं. हा कर्करोगकारक असू शकणारा पदार्थ भाजलेल्या-तळलेल्या अन्नात सापडतो, हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी उघड केलं. युरोपीय संघाने २०१७ च्या नियमावलीत लहान मुलांच्या बिस्किटं-रस्कसाठी किलोमागे १५० मायक्रोग्रॅम हा मापदंड ठरवला. म्हणून मुलांसाठी काप निवडताना गडद तपकिरी बाजूला ठेवून फिकट सोनेरी घ्यावेत. घरी टोस्ट भाजतानाही हेच लागू आहे.