लेकराचे तांबूस केस कोणाकडून आले?

यवतमाळ किंवा अमरावती जिल्ह्यातल्या एखाद्या काळ्याभोर केसांच्या घरात तांबूस केसांचे मूल दिसले, की ‘हे कोणावर गेले?’ ही कुजबुज सुरू होते आणि पुष्कळदा तिचा रोख मुलाच्या आईकडे वळतो. हा संशय अन्यायाचा आहे.

केसांचा रंग मुख्यत्वे दोन रंगद्रव्यांवर ठरतो: काळे-तपकिरी युमेलॅनिन आणि लालसर-पिवळे फिओमेलॅनिन. रंगपेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राही असतो. त्याला विशिष्ट संप्रेरक येऊन चिकटले, की पेशी युमेलॅनिन तयार करू लागते. हा ग्राही घडवणारे एमसी१आर हे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर असते आणि लाल केसांशी त्याचे असलेले नाते १९९५ मध्ये उघड झाले. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, तरच सहसा केस लाल होतात. एकच प्रत सदोष असेल तर केस बहुधा काळेच राहतात आणि ती प्रत कित्येक पिढ्या कोणाच्याही नजरेस न येता पुढे जाते. अशा दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यात दोन्ही सदोष प्रती एकत्र येण्याची शक्यता चारात एक असते.

केसांवरून वंश सांगणेही धोक्याचे आहे. पॅसिफिकमधील सॉलोमन बेटांवर गडद त्वचेच्या काही लोकांचे केस सोनेरी असतात. हा युरोपीय दर्यावर्दींचा वारसा असावा, असा तर्क केला जाई. परंतु त्यामागे टीवायआरपी१ या जनुकातला, युरोपीयांत न आढळणारा, स्थानिक बदल असल्याचे २०१२ मध्ये सिद्ध झाले.

एमसी१आरमधील लाल केसांचे बदल भारतात विरळ आहेत. त्यामुळे आपल्या खेड्यात, विशेषतः मेळघाटासारख्या कुपोषणाने ग्रासलेल्या भागात, पूर्वजांच्या आधी मुलाच्या ताटाकडे पाहावे, असे मी आग्रहाने म्हणेन. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आजच्या घानामध्ये पाहिलेल्या, मुलांचे केस तांबूस करणाऱ्या कुपोषणाच्या आजाराला १९३५ मध्ये तिथल्या गा भाषेतले ‘क्वाशिओरकोर’ हे नाव दिले. धाकटे भावंड आल्यावर अंगावरचे दूध तुटलेल्या थोरल्या लेकराला होणारा आजार, असा त्याचा आशय आहे. यात केस विरळ, निस्तेज आणि तांबूस होतात व हलक्या ओढीनेही हातात येतात. पायांवर सूज असते, अंगठ्याने दाबले तर खळगा राहतो, आणि या सुजेमुळे मूल बाळसेदार वाटून घरचे फसतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण समजतात. मात्र दोन्ही पायांवर अशी सूज असेल तर दंडघेर कितीही भरो, मुलाला तातडीने दवाखान्यात न्यायला हवे.

वावरातल्या उन्हानेही केस भुरकट होतात, पण टोकांकडे अधिक आणि मुळाशी कमी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढत असल्याने उपासमारीचे महिने लांब केसांवर फिकट पट्ट्याच्या रूपाने उमटतात आणि आहार सुधारला, की मुळाशी पुन्हा काळा केस उगवतो. जन्मजात लाल केसांत असा पट्टा दिसत नाही.